बेट छोटं आहे म्हणून ड्युटी माफ होत नाही

मॉरिशसबरोबरच्या व्यापार कराराबद्दल मागच्या वेळी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच घोळ आहे. संयुक्त राष्ट्रांनी एखाद्या देशाला ‘लघुद्वीपीय विकसनशील राष्ट्र’ म्हटलं की त्याच्याशी सगळा व्यापार बिनड्युटीचा, म्हणजे आयात शुल्काशिवाय, होतो, असा समज दिसतो. म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतो.

प्र. मॉरिशस अल्पविकसित देशांच्या यादीत आहे का? (विद्यार्थी, लातूर)

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या या सर्वांत गरीब देशांच्या यादीत तो कधीच नव्हता.

प्र. मग लघुद्वीपीय राष्ट्र आणि अल्पविकसित देश यांत फरक काय? दोन्ही गरीबच ना? (तोच विद्यार्थी, दुसरं पत्र)

लघुद्वीपीय यादीत सिंगापूर आहे, आता बोला. बेलीझ, गयाना, सुरीनाम ही तर बेटंसुद्धा नाहीत. ती यादी सारख्या अडचणींची आहे: बाजार चिमुकला, बंदर लांब, आणि एका वादळात वर्षाची कमाई वाहून जायची. त्यांच्यासाठी परिषदा भरतात (१९९४ बार्बाडोस, २००५ मॉरिशस, २०१४ सामोआ, २०२४ अँटिग्वा), जाहीरनामे निघतात. पण नुसतं त्या यादीत नाव आहे म्हणून कस्टममध्ये एक टक्काही ड्युटी कमी होत नाही. सवलत मिळते ती अल्पविकसित यादीमुळे, नाहीतर दोन देशांच्या करारामुळे.

मालदीवचं बघा. २० डिसेंबर २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांत त्यांना अल्पविकसित यादीतून बाहेर काढायचा ठराव झाला आणि सहाच दिवसांनी त्सुनामी आली. मुदत वाढवली, अखेर १ जानेवारी २०११ ला ते बाहेर पडले. आणखी तीन वर्षांनी युरोपातली सवलत गेली आणि त्यांच्या डबाबंद टूनावर २४ टक्के ड्युटी बसली. मासेमारीची पद्धत तीच होती, एकेक मासा गळाने धरायची. दक्षिण आशियाच्या साफ्टा या मुक्त व्यापार करारात मात्र कलम १२ खास मालदीवसाठी आहे: यादीतून बाहेर पडले तरी वागणूक अल्पविकसितासारखीच. परीक्षेला जाताना हे कलम वाचून जा.

प्र. आमचा कांदा निर्यातबंदीत सडत होता, तेव्हा मालदीवला कांदा कसा गेला? कुणाची सेटिंग? (शेतकरी, निफाड)

सेटिंग नाही. १९८१ च्या व्यापार करारानुसार मालदीवला जीवनावश्यक माल दरवर्षी कोटा ठरवून दिला जातो. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेत कांद्याचा आकडा सुमारे ३५,७४९ टन होता. बटाटा, अंडी, तांदूळ, साखर, इतकंच काय नदीची वाळूही त्यात होती. तुमचा राग बंदीवर असेल तर तो समजू शकतो, पण तो मालदीववाल्यांवर काढू नका. पुढच्या कोट्यात माल द्यायचा असेल तर अटी आणि ठरवून दिलेली बंदरं आधी डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालय) तपासा.

प्र. मॉरिशसची साखर फुकटात येणार आणि ऊसदर पडणार, असं गावात बोलतात. (ऊस उत्पादक, शिरोळ)

पारावरचं सोडा. आपल्याकडे साखरेवर १०० टक्के आयात शुल्क आहे. मॉरिशसला सवलत आहे ती विशेष साखरेला, तीही ठरलेल्या कोट्यात. त्यांचं सगळं उत्पादन अलीकडे अडीच लाख टनांच्या आसपास, तर एकट्या महाराष्ट्राने २०२१-२२ मध्ये १३७ लाख टन साखर काढली. फटका बसला तो त्यांना. १९७५ पासून युरोप त्यांची जवळपास पाच लाख टन साखर चढ्या हमीभावाने उचलत होता. २००६ पासून तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवत नेला आणि ३० सप्टेंबर २००९ ला तो साखर करारच संपवला. जुळवून घ्यायला युरोपने निधी दिला, तरी कारखाने बंद पडलेच. एफआरपीवर, म्हणजे उसाच्या किमान दरावर, भांडणाऱ्या शिरोळकरांना यातलं दुखणं मी काय सांगावं!

प्र. एक एजंट म्हणतो, तिसऱ्या देशाचा माल मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरवून पेट्या बदलायच्या, मॉरिशसचा ओरिजिन दाखला (माल त्या देशाचा असल्याचा कागद) लावायचा आणि न्हावा शेवाला आणायचा. ड्युटी वाचते, सगळेच करतात. (व्यापारी, भिवंडी)

हे ‘सगळे’ मला कधी भेटत नाहीत. भेटतात ते नोटीस आल्यावर, फाइल काखेत मारून.

पेटी बदलली म्हणून मालाचं मूळ बदलत नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू असलेल्या करारात मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना आपल्याकडे सवलत आहे, पण ती तिथे पिकलेल्या, पकडलेल्या किंवा पुरेशी प्रक्रिया होऊन वेगळ्या झालेल्या मालाला. कापड नेऊन तिथे शर्ट शिवणं वेगळं आणि शिवलेल्या शर्टाचं लेबल उसवून दुसरं टाचणं वेगळं. शिवाय २१ सप्टेंबर २०२० पासून कारोटार, म्हणजे सवलतीत आणलेल्या मालाचं मूळ तपासायचे कस्टमचे नियम आहेत. माल कुठे आणि कसा बनला, मूल्यवाढ किती झाली, याची माहिती आयातदारानेच मिळवायची आणि पाच वर्षं सांभाळायची. दाखल्याचा कागद दाखवून सुटका नाही. ‘एजंट म्हणाला होता’ हे तर उत्तरच नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) तपासणीला उभा होतो. अधिकाऱ्याने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडली, तर खाली आधीच्या देशाचं नाव ठळक छापलेलं. आयातदार दाखला पुढे करत होता. अधिकारी त्याकडे न बघता दुसऱ्या खोक्याकडे वळला, तिथेही तेच. तो माल नंतर महिनोन् महिने पडून होता आणि भाड्याचं मीटर चालूच.

मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ही सवलत त्या बेटावरच्या शिलाई मशिनी चालाव्यात म्हणून आहे. पेट्या बदलून तिथल्या बाईला एक रुपया मिळत नाही. उलट तिने खरोखर शिवलेला माल आला की आमचे अधिकारी दहा प्रश्न जास्त विचारतात. तुम्ही कुठे सही केली नसेल तर करू नका. केली असेल तर कस्टमचं काम करणारा वकील गाठा, आजच.

प्र. ‘युनोच्या बेट निधीतून’ बेदाण्याची ऑर्डर देतो म्हणून नोंदणी फी मागितली आहे. भरू का? (तासगाव)

नका. संयुक्त राष्ट्रांच्या पुरवठादार पोर्टलवर नोंदणी फुकट होते. २०१७ चा भारत-संयुक्त राष्ट्र विकास भागीदारी निधी खरा आहे, पण तो प्रकल्पांना पैसे देतो, बेदाण्याच्या ऑर्डरी वाटत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्र. मसाल्यांचा कंटेनर पोर्ट लुईला निघाला. आता ग्राहक ओरिजिन दाखला मागतोय. मला किती ड्युटी परत मिळेल? (सांगली)

तुम्हाला काहीच नाही. ड्युटी तिकडे तुमचा ग्राहक भरतो, सवलतही त्यालाच. तुमच्या मालाचा एचएस कोड (कस्टमचा वस्तू क्रमांक) मॉरिशसने सवलत दिलेल्या आपल्या ३१० वस्तूंच्या यादीत आहे का, हे आधी पाहा. माल निघाल्यावर दाखला मिळतो का, कधीपर्यंत मिळतो, हे शिपिंग बिल आणि बिलं घेऊन तुमच्या सीएचएला (कस्टम एजंटला) विचारा, पत्राच्या उत्तराची वाट बघत बसू नका. आणि पुढचं पत्र कंटेनरला सील लागायच्या आधी पाठवा.