अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये २५-२६ वर्षांचे खेळाडू कसे काय चालतात? ही वयचोरी नाही का?

वयचोरी नाही, कारण चोरायला मुळात वयाची अटच नाही. आपल्याकडे खेळ आणि वय म्हटलं की जन्मदाखला, शाळेचा दाखला, क्रिकेटमध्ये तर १६ वर्षांखालच्या पोरांच्या मनगटाचा एक्स-रे. तिथे २६ वर्षांचा गडी स्वतःची जन्मतारीख सांगून उजळ माथ्याने खेळतो.

माझा या सगळ्याशी संबंध असा, की पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत मी एका मोठ्या विद्यापीठातल्या खेळाडूंच्या अभ्यासिकेत संख्याशास्त्र शिकवायला जायचो. तासाचे पैसे बरे मिळायचे आणि संध्याकाळचं जेवण फुकट असायचं (खरं कारण हेच). पहिल्याच आठवड्यात समोर फुटबॉल संघातला एक लाइनमन, म्हणजे समोरच्या फळीला भिडणारा धिप्पाड गडी, येऊन बसला. बोटात लग्नाची अंगठी, फोनच्या स्क्रीनवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, गुडघ्याला प्लास्टिकने घट्ट बांधलेला बर्फ. तो बर्फ वितळून टेबलाखाली थारोळं झालं होतं आणि माझे मोजे भिजले. मला तो 'सर' म्हणत होता. माझं वय २४, त्याचं २५. "कितवं वर्ष?" असं सहज विचारलं, तर गडी बोटं मोजायला लागला. "सहावं. पण सीझन तीनच झालेत. अजून एक आहे."

या वाक्यात सगळा नियम आला. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची मुख्य संघटना, तिच्या सर्वांत वरच्या गटाचा, डिव्हिजन वनचा, आजवरचा मूळ हिशोब असा: पूर्ण वेळ कॉलेजला नाव घातलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या पाच वर्षांत चार सीझन खेळता येतात. जे एक वर्ष नुसता सराव करून काढायचं त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. २०१८पासून फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी रेडशर्ट मोडत नाही. मोठी दुखापत झाली तर सीझन परत मिळतो, आणि कारण पटलं तर घड्याळही पुढे सरकवून देतात. सैन्यात गेलात, धर्मप्रसाराला गेलात, तर तेवढा काळ घड्याळ थांबतं. बाळंतपणासाठी एक वर्ष वाढवून मिळतं. कोविडच्या २०२०-२१ सालात तर जो कोणी संघात होता त्याचं ते वर्ष धरलंच नाही.

हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला आलं की काय होतं ते कॅम मॅककॉर्मिककडे बघून कळतं. हा २०१६ला ओरेगनमध्ये दाखल झाला आणि २०२४ला मायामीकडून खेळला, नववं वर्ष, वय २६. लोकांनी त्याच्यावर भरपूर विनोद केले. आता त्याचा हिशोब मांडू. २०१६ रेडशर्ट. २०१७ खेळला. २०१८ला पहिल्याच सामन्यात पाय मोडला, तो २०१९लाही बरा झाला नाही. २०२० कोविडचं. २०२१च्या सुरुवातीलाच टाचेची शीर तुटली. मग २०२२, २०२३, २०२४ खेळला. धरायचे सीझन मोजा: चार. इतरांना मिळतात तेवढेच. मधली चार वर्षं पोरगा बहुतेक फिजिओथेरपीच्या टेबलावर होता. यात त्याने कोणाचं काय खाल्लं, मला तरी कळत नाही.

आणि वय जास्त असणं ही काही कालपरवाची गोष्ट नाही. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, ख्रिस वाइंकी २००० साली २८व्या वर्षी हाइसमन ट्रॉफी घेऊन गेला, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान. १९९०ला तो कॉलेजात आला, काही दिवसांतच बेसबॉल खेळायला निघून गेला आणि सहा वर्षांनी बेसबॉलमध्ये काही जमत नाही म्हणून परत आला. एका खेळात पैसे घेतले तरी दुसऱ्या खेळात तुम्ही हौशीच, असा तिथला न्याय. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे बरेच खेळाडू दोन वर्षं मॉर्मन पंथाच्या प्रचाराला जाऊन येतात, त्यामुळे तो संघ कायम वयाने थोराड. आइस हॉकीत तर पहिल्या वर्षाचा मुलगा २० वर्षांचा असणं अगदी नेहमीचं.

खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये याहून गंमत. तिथे वर्षांऐवजी तुम्ही प्रत्यक्ष शिकलेली सेमिस्टर मोजतात, दहा. मधली वर्षं कुठेही घालवा. टेक्सासच्या सल रॉस स्टेटमधून माइक फ्लिंटला १९७१ साली मारामाऱ्यांपायी काढून टाकलं होतं. त्याचा एक सीझन उरला होता. तो खेळायला तो २००७ साली परत आला. वय ५९! हौस म्हणून आला असेल असं वाटतं, पण बचावफळीतला लाइनबॅकर म्हणून संघात आलेला हा गडी प्रत्यक्ष सामन्यात उतरला. मला कॉलेजच्या खेळातली ही सगळ्यात आवडती हकिकत आहे, आणि तिला कोणीही वयचोरी म्हटलं नाही.

मग आत्ताच एवढा आरडाओरडा का? पैसा. पूर्वी चार वर्षं झाली की खेळाडूलाच निघायची घाई असायची, कारण कमाई बाहेर होती. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५मध्ये एका खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि त्यानंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आता जो पोरगा एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये, जाण्याइतका चांगला नाही पण कॉलेजात हिरो आहे, त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई कॉलेजातच व्हायची. तो कशाला जाईल?

गेला नाहीच. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक दिएगो पाविया नोव्हेंबर २०२४मध्ये कोर्टात गेला. त्याची आधीची दोन वर्षं ज्युनियर कॉलेजात (आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) गेली होती, जिथला खेळ एनसीएएच्या कक्षेतच येत नाही. ती वर्षं माझ्या खात्यातून का कापता, त्याने माझी कमाई बुडते, असा त्याचा दावा. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी त्याला खेळायची तात्पुरती परवानगी दिली आणि एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही २०२५-२६ साठी सूट देऊन टाकली. पाविया त्या जादा वर्षात इतका खेळला की हाइसमनच्या मतदानात दुसरा आला. त्यानंतर वकिलांची चलती सुरू झाली. प्रत्येक राज्यात कोणीतरी कोर्टात, कुठे एक न्यायाधीश हो म्हणतो, कुठे दुसरा नाही.

मला विचाराल तर पावियाचं म्हणणं टाळता येत नाही. हे शिक्षण असेल तर चार वर्षांत पदवी घ्या आणि निघा, ठीक. पण त्याच माणसाला पगार देऊन, त्याच्यावर लाखभर लोकांचं स्टेडियम भरून, टीव्हीचे हक्क विकून झाल्यावर 'चार वर्षं झाली, आता घरी जा' हे कुठल्या कारखान्यात चालेल? विद्यापीठांना दोन्ही डगरींवर पाय हवेत.

फटका मात्र तिसऱ्यालाच बसतो. जून २०२५च्या त्याच तडजोडीत फुटबॉल संघाला १०५ जणांची मर्यादा आली. २४ वर्षांचा कसलेला गडी राहिला की शाळेतून येणाऱ्या एका १८ वर्षांच्या पोराची जागा गेली. प्रशिक्षकाची नोकरी या मोसमातल्या निकालावर असते. तो घडवत बसेल की तयार माल घेईल? माझ्या लाइनमनच्या जागी दोन वर्षं थांबलेला एक पोरगा त्याच अभ्यासिकेत यायचा, शेवटी दुसऱ्या कॉलेजात निघून गेला. लाइनमनने त्याला सामान गाडीत चढवायला मदत केली होती.

आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना २५ची वयोमर्यादा आहे. जागतिक विद्यापीठ स्पर्धांची मर्यादाही पूर्वी २८ होती, ती २५वर आणली. सरळ, सोपी रेघ. मॅककॉर्मिक तिच्यात बसला नसता, फ्लिंट तर नाहीच. तरी अमेरिकेतही घड्याळ शेवटी वयाकडेच सरकेल असं मला वाटतं, कारण जन्मतारखेवर वकिलाला फार वाद घालता येत नाही.

तुमच्या घरात टेनिस, पोहणं, स्क्वॉश खेळणारं कोणी असेल आणि म्हणून तुम्ही विचारत असाल, तर एकच गोष्ट ध्यानात ठेवा. बारावीनंतर 'एक-दोन वर्षं नुसतं खेळून मग अमेरिकेला जाऊ' हा बेत महागात पडू शकतो. मधल्या काळात खेळलेल्या स्पर्धांपायी काही खेळांत सीझन कापले गेलेत, आणि नियम खेळागणिक वेगळे असतात, बदलतातही. एजंट काय सांगतो यावर जाऊ नका. विद्यापीठाच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीला, मुलाच्या बारावीचा महिना आणि त्यानंतरच्या सगळ्या स्पर्धांच्या तारखा ईमेलने कळवा, आणि किती सीझन मिळणार ते लेखी मागून घ्या.