सुटकेचा आदेश, तरी कोठडी?

प्रश्न : न्यू जर्सीत भाच्याला अटक झाली. न्यायाधीशांनी सोडायला सांगितलंय, पण ‘आइस’चा (अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी यंत्रणेचा) डिटेनर आलाय. तुरुंग त्याला अडवू शकतो का?

उत्तर : डिटेनर म्हणजे आय-२४७ए हा फॉर्म : सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवण्याची विनंती. सही आइस अधिकाऱ्याची, न्यायाधीशाची नव्हे. तुरुंगावर तो बंधनकारक नाही, असं तिसऱ्या सर्किट न्यायालयाने (संघीय अपील न्यायालय) २०१४ मध्ये ठरवलं. न्यू जर्सी त्याच कक्षेत येतं. मात्र डिटेनरवरून अडवू नये, या राज्याच्या नियमांत गंभीर गुन्ह्यांना अपवाद आहे, म्हणून आरोपाचं कलम आधी पाहा. बोटांचे ठसे एफबीआयमार्फत आइसपर्यंत जातातच; त्यावरून स्थानिक पोलिसांशी वाद घालणं व्यर्थ. सुटकेच्या वेळी तुरुंगाच्या दारातच आइस उभी असू शकते. त्यामुळे इमिग्रेशन वकील सुटकेआधीच गाठा, आणि त्याला विचारल्याशिवाय भाच्याने गुन्हा कबूल करू नये.