नशीब की खेळ?

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची, बुद्धिबळ खेळते. रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) १४५२. गेल्या महिन्यात तिनं १८१७ रेटिंगच्या काकांना हरवलं. काका उठताना म्हणाले, “नशीब काढलंस!” तेव्हापासून ती गप्पच आहे. हे खरंच नशीब असतं का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, त्या काकांच्या जागी मीही बसलोय. परभणीचा एक पोरगा, खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि माझा हत्ती गेला. मीही असंच काहीतरी पुटपुटलो होतो. अजून लाज वाटते.

आता हिशेब. रेटिंगमध्ये ३६५ गुणांचा फरक असेल, तर फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) तक्त्यानुसार, विजयाला एक गुण धरून, कमी रेटिंगवाल्याकडून दहा डावांत एका गुणाची अपेक्षा असते. म्हणजे एका डावात अपेक्षा ०.१०, मिळाला १, उरला ०.९०. अठरा वर्षांखालच्या मुलांना तो ४० नं गुणतात. म्हणजे या एका डावाचे रेटिंगमध्ये ३६ गुण! काकांना बोचलं ते हेच असणार.

आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. २०२५ च्या महिला विश्वचषकात तिला पंधरावं मानांकन होतं, ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म (स्पर्धेतल्या ठरावीक कामगिरीचा टप्पा) नव्हता. बाटुमीतल्या अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. दोन्ही क्लासिकल (जास्त वेळाचे) डाव बरोबरीत सुटले, मग कमी वेळाच्या जलद डावांतला पहिलाही. दुसऱ्यात घड्याळ संपत आलं, हंपीची चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. चूक समोरच्याची खरी, पण तिथवर टिकून कोण राहिलं?

लेकीला तो डाव पटावर पुन्हा मांडायला सांगा. काकांची चूक कुठल्या चालीला झाली, ते तिला नक्की आठवेल.