सॅन होजेतलं अपील कोण ऐकतं?

प्रश्न : मुलगा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. दुकानाच्या भाडेकराराचा दावा हरला, आता अपिलात गेलाय. म्हणतो, तीन जज ऐकणार, पण साक्षीदार नकोत. हे हायकोर्ट की सुप्रीम कोर्ट? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दोन्हींच्या मधलं. खाली दर काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, खटला चालवणारं सुपीरियर कोर्ट, वर सात न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट. मधे हे कोर्ट ऑफ अपील. त्याचे सहा विभाग, न्यायमूर्ती एकूण १०६. सॅन होजेचा विभाग सहावा. आपल्याकडे एक हायकोर्ट आणि नागपूर, संभाजीनगर, गोव्याला खंडपीठं, तसंच काहीसं. पण तिथे एकट्या न्यायमूर्तींसमोर बोर्ड, म्हणजे दिवसाच्या कामांची यादी, लागत नाही, प्रत्येक अपील तिघांपुढेच.

लेकीकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम जाऊन बसलो. उभा जन्म कोर्टात बोर्ड लावण्यात गेला, खोड जाते थोडीच! ना गर्दी, ना पुकारा. नियमाने प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त अर्धा तास. वकील दोन वाक्यं बोलतो न बोलतो, तोच प्रश्न. कारण पेपर आधीच वाचून झालेले असतात. प्रत्येक न्यायमूर्तीच्या हाताखाली पगारी वकील असतात. ते रेकॉर्ड चाळतात, कच्चा मसुदा करतात. आपल्याकडे लॉ क्लार्क म्हणजे नुकती पास झालेली पोरं. तिथे याच कामात केस पांढरे झालेले लोक भेटतात.

नेमणूक गव्हर्नर करतो, तिघांची समिती मान्यता देते. मग मतदार 'हो' किंवा 'नाही' म्हणतात, समोर उमेदवार कुणी नसतो. मुदत १२ वर्षांची. आणि मला सगळ्यात आवडलेलं कलम : प्रकरण निकालासाठी बंद केल्यावर ९० दिवसांत निकाल दिला नाही, तर तो लागेपर्यंत न्यायमूर्तींचा पगार थांबतो! घटनेतच लिहिलंय. आमच्याकडे 'निकालासाठी राखून' असलेल्या फायलींवरची धूळ मी स्वतः झटकलीय.

साक्षीदार नकोत, कारण नवा पुरावा घेतच नाहीत. खाली जे रेकॉर्डवर आलं तेवढंच. म्हणून मुलाला एकच विचारा : खटल्यात साक्ष शब्दन्‌शब्द टिपून घेणारा शॉर्टहँड रिपोर्टर होता का? दिवाणी कामात तिथे बरेचदा तो पक्षकारानेच पैसे देऊन आणायचा असतो. नसेल, तर साक्षीत काय झालं ते या तिघांना कळणार कुठून? वकिलाला आजच फोन करायला सांगा.