प्रोसेसरच्या किमती आणि दोन कंपन्यांची चढाओढ

प्रश्न : मुलासाठी डेस्कटॉप संगणक जुळवून घ्यायचा आहे. इंटेल आणि एएमडी यांच्या स्पर्धेमुळे प्रोसेसर स्वस्त होतात, असे दुकानदार सांगतात. थोडे थांबावे का? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. २००७पासून सुमारे दहा वर्षे इंटेलच्या सर्वसाधारण डेस्कटॉप मालिकेत चारपेक्षा अधिक कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे गणनाविभाग) मिळत नव्हते आणि तिच्या आठ कोअरच्या प्रोसेसरसाठी जवळपास हजार डॉलर मोजावे लागत. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन ७ १८००एक्स ४९९ डॉलरला आणला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेललाही, चार कोअरच्या जुन्या किमतीच्या आसपास, सहा कोअर द्यावे लागले. म्हणजे किमतीचा आकडा फारसा उतरला नाही. त्याच पैशांत मिळणारी क्षमता वाढली. स्पर्धेचा लाभ ग्राहकापर्यंत बहुधा असाच आडवळणाने पोहोचतो.

आघाडी मिळताच एएमडीचाही हात आखडला, हे विसरू नये. २४९ डॉलरच्या रायझन ५ ३६००एक्सची जागा घेणारा ५६००एक्स तिने २०२० मध्ये २९९ डॉलरला काढला.

आपल्याकडे डॉलरचा दर आणि १८ टक्के जीएसटी यांचाही भार पडतो. त्यामुळे नवी पिढी लवकरच येणार असल्याची अधिकृत घोषणा झाली असेल, तरच थांबावे. तेव्हा मागील पिढीचे प्रोसेसर अनेकदा सवलतीत मिळतात. मात्र किमतीची तुलना मदरबोर्ड व रॅम धरूनच करावी, कारण दोन्ही कंपन्यांची सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या खाचा, वेगवेगळी असतात.