सांडपाणी, मशीन लर्निंग आणि ०.९५ चा आकडा

प्रश्न : मी पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. केले असून सांडपाणी प्रक्रियेत मशीन लर्निंगचा वापर या विषयावर पीएच.डी. करू इच्छितो. एका नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्राकडून दोन वर्षांच्या रोजच्या नोंदी मिळाल्या आहेत. त्यांवर तयार केलेले न्यूरल नेटवर्क (नोंदींवरून शिकणारे संगणकीय मॉडेल) बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) सांगते आणि आर-स्क्वेअर (अंदाज प्रत्यक्ष आकड्यांशी किती जुळतो याचे माप; १ म्हणजे पूर्ण जुळणी) ०.९५ येतो. एवढ्यावर प्रबंध उभा राहील का?
– एक वाचक

उत्तर : एवढ्यावर राहणार नाही, मात्र विषय चांगला आहे. आधी त्या ०.९५ चीच झडती घ्यावी. नोंदी पिसून त्यांतल्या काही तपासणीसाठी बाजूला काढल्या असतील, तर सोमवार आणि बुधवार मॉडेलने आधीच पाहिलेले असतात व मंगळवारचा आकडा त्यांच्यामधून अलगद निघतो. म्हणून नोंदी कालक्रमानेच विभागाव्यात आणि ‘काल होता तोच आकडा आज’ या फुकटच्या अंदाजाशी आपल्या मॉडेलची तुलना करावी. पुष्कळ दिमाखदार मॉडेले इथेच गारद होतात.

दुसरी गोष्ट लॉगबुकची. आपल्याकडे बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते, अन्यत्र बहुधा २० अंशांना ५ दिवस. निकाल हाती येईपर्यंत ते पाणी नदीला मिळालेले असते, त्यामुळे तत्काळ अंदाज देणारे मॉडेल खरोखरच उपयोगी आहे. पण नोंदवहीत महिनोन्‌महिने ८, ८, ९, ८ असेच आकडे दिसत असतील, तर प्रयोगशाळेत जाऊन चाचणी कशी होते ते समक्ष पाहावे. नाहीतर मॉडेल सांडपाण्याऐवजी नोंद करणाऱ्याची सवय शिकते.

बिघाडाचे दिवस विरळ असतात, ही याहून मोठी अडचण. बार्सिलोनाजवळच्या मानरेसा येथील केंद्राच्या नोंदी संशोधकांमध्ये सुपरिचित आहेत : ५२७ दिवस, ३८ मापे. त्यांत वादळी पाऊस, दुय्यम क्लॅरिफायरचा (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा) बिघाड अशा कित्येक प्रकारांच्या वाट्याला एकेकच दिवस आला आहे. रोज ‘सारे ठीक’ म्हणणारा प्रोग्रामही तिथे ९५ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरेल, आणि नेमक्या त्या मोजक्या दिवशी ऑपरेटरला तोंडघशी पाडेल.

माझ्या मते प्रबंधाचा प्रश्न अल्गोरिदममधून न शोधता ऑपरेटरच्या एखाद्या निर्णयातून शोधावा, आणि टाकीत हवा किती सोडायची हा निर्णय त्यासाठी सर्वांत सकस आहे. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीच्या (टाकीत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेणाऱ्या) केंद्रात विजेच्या खर्चाचा साधारण निम्मा भाग ब्लोअरच (हवा फुंकणारी यंत्रे) खातात. टाकीतला विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. पण प्राणवायू मोजणाऱ्या प्रोबवर जिवाणूंचा थर चढला की तो कमी प्राणवायू दाखवतो आणि नियंत्रक गरज नसताना ब्लोअर वाढवत राहतो. अशा वेळी प्रोब खोटे बोलतो आहे की भार खरोखर वाढला आहे, हे मॉडेलने ओळखून दाखवले, किंवा बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया मर्यादेत ठेवून हवा किती उतरवता येते ते सांगितले, तर केंद्रचालक आपले म्हणणे नक्की ऐकतील.

मात्र चालू केंद्रावर चुकत-माकत शिकणारे मॉडेल सोडू नये. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात. हवा तोडून ते एकदा गमावले तर पुन्हा जमायला कित्येक आठवडे लागू शकतात. असे प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एएसएम-१ सारख्या, अशा केंद्राच्या गणिती प्रतिरूपावर करावेत आणि प्रत्यक्ष केंद्रात मॉडेलने केवळ सल्ला द्यावा, व्हॉल्व्ह ऑपरेटरच्याच हाती राहावा.

यासाठी रोजची एक नोंद पुरणार नाही. स्काडातील (केंद्रातील यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या संगणक प्रणालीतील) मिनिटामिनिटाचे वाचन लागेल. जुने वाचन तिथे किती दिवस साठवले जाते आणि नंतर पुसले जाते का, हे केंद्रात लगेच विचारावे व प्रबंधात छापण्याची परवानगी पालिकेकडून लेखी घ्यावी.