खोली बदलली, तरी जुने संदेश का येतात?

प्रश्न : रिॲक्टमध्ये (ॲपचे पडदे बनवण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी) चॅट ॲप करतो आहे. संदेश फायरस्टोअर या क्लाउड डेटाबेसच्या ऑनस्नॅपशॉटने, म्हणजे बदल होताच कळवणाऱ्या फंक्शनने येतात. वापरकर्त्याने खोली बदलली की नव्या खोलीत जुन्या खोलीचे संदेश मधेच उमटतात, शिवाय रीड्सचा (डेटाबेसमधून वाचलेल्या डॉक्युमेंटचा, म्हणजे नोंदींचा) आकडा भराभर वाढतो. काय चुकतंय?

उत्तर : जुना लिसनर, म्हणजे जुन्या खोलीतले बदल ऐकत राहणारी जोडणी, बंदच होत नाहीये. ऑनस्नॅपशॉट तुम्हाला अनसबस्क्राइबचं, म्हणजे ही जोडणी तोडण्याचं फंक्शन परत देतं. ते युजइफेक्टमधून (रेंडरनंतर बाहेरची कामं चालवणारं रिॲक्टचं फंक्शन) रिटर्न करा आणि डिपेन्डन्सीमध्ये, म्हणजे ज्या गोष्टी बदलल्या की इफेक्ट पुन्हा चालतो त्यांच्या यादीत, खोलीचा आयडी ठेवा. आयडी बदलताच रिॲक्ट आधी जुना लिसनर सोडेल, मग नवा जोडेल.

एवढं करूनही जमत नसेल, तर इफेक्टचं फंक्शन असिंक केलंय का ते बघा. ही चूक फार जणांकडून होते. असिंक फंक्शन प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देणारा ऑब्जेक्ट, परत करतं, त्यामुळे तुमचं अनसबस्क्राइब रिॲक्टच्या हाती लागतच नाही.

रीड्स वाढण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. डिपेन्डन्सीमध्ये फिल्टरचा ऑब्जेक्ट दिला असेल आणि तो कॉम्पोनंटमध्येच (पडद्याचा भाग काढणारं फंक्शन) बनत असेल, तर प्रत्येक रेंडरला, म्हणजे तो भाग पुन्हा काढताना, तो नवा ठरतो आणि लिसनर तुटून पुन्हा जोडला जातो. ऑफलाइन साठवण चालू नसेल, तर दर वेळी क्वेरीतले सगळे डॉक्युमेंट नव्याने मोजले जातात. ऑब्जेक्टऐवजी साध्या स्ट्रिंग द्या, आणि क्वेरीला ५० ची मर्यादा घालाच.

खोली बदलताना स्टेटमधली (कॉम्पोनंटने लक्षात ठेवलेली) जुन्या संदेशांची यादीही रिकामी करा. नाहीतर नव्या खोलीचा पहिला स्नॅपशॉट (संदेशांचा संच) येईपर्यंत तीच दिसत राहते.

डेव्हलपमेंटमध्ये लिसनर दोनदा जोडलेला दिसला तर घाबरू नका, ते स्ट्रिक्ट मोडचं काम आहे; चुका पकडण्यासाठी रिॲक्ट तिथे इफेक्ट मुद्दाम दोनदा चालवतं.